हात भरण्याचा विधी: अहरोनाचे समर्पण आणि ख्रिस्ती विश्वासणारा

बायबल सलग वाचायला घेणाऱ्या बहुतेकांचा पहिला अडथळा म्हणजे लेवीय हे पुस्तक. उत्पत्तीतल्या कथा संपलेल्या असतात, समुद्र दुभंगून झालेला असतो, सिनायवरचा गडगडाट शमलेला असतो, आणि मग एकाएकी चरबी, गुरदे, काळजावरचा पडदा, वेदीच्या शिंगांना लावायचे रक्त असा तपशील सुरू होतो. वाचक पाने उलटू लागतो. याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचा भाऊ अहरोन आणि त्याचे चार मुलगे नादाब, अबीहू, एलाजार व इथामार यांना याजक म्हणून कसे समर्पित केले, याचे वर्णन आहे. त्या विधीच्या सूचना आधी निर्गमाच्या २९व्या अध्यायात येऊन गेलेल्या असल्यामुळे तेच तेच पुन्हा वाचत आहोत, असेही वाटते. परंतु नव्या करारातील इब्री लोकांस पत्र हे हा विधी तोंडपाठ असलेल्या वाचकांसाठी लिहिल्यासारखे आहे, आणि ‘अभिषिक्त’, ‘समर्पित’, ‘पवित्र’, ‘याजकगण’ असे जे शब्द ख्रिस्ती माणूस स्वतःविषयी आणि ख्रिस्ताविषयी सहज वापरतो, त्यांची मुळे याच सात दिवसांच्या विधीत आहेत. म्हणून अर्थाकडे वळण्यापूर्वी प्रत्यक्ष काय घडत असे, ते सावकाश पाहू.

मोशे सगळ्या मंडळीला दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी जमवतो. अहरोन व त्याच्या मुलांना पुढे आणून तो त्यांना पाण्याने स्नान घालतो. मग अहरोनाला अंगरखा घालतो, कमरपट्टा बांधतो, झगा चढवतो, त्यावर एफोद (खांदपट्ट्या असलेले याजकाचे वरचे वस्त्र) कसतो, छातीवर ऊरपट लावतो, डोक्याला मंदिल गुंडाळतो आणि त्यावर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशी अक्षरे कोरलेली सोन्याची पट्टी बसवतो. नंतर तेल, नंतर बैल, नंतर दोन मेंढे. या अध्यायातील क्रियापदे कोण करतो आहे, तेवढेच पेन्सिलीने खुणावत गेले, तर एक गोष्ट लख्ख दिसते: जवळजवळ सगळे मोशे करतो. स्नान तो घालतो, कपडे तो घालतो, तेल तो ओततो, रक्त तो लावतो. अहरोन आणि त्याचे मुलगे एवढेच करतात की, ते तीन वेळा पशूच्या डोक्यावर हात ठेवतात, शेवटी दिलेले अन्न खातात आणि दाराशी बसून राहतात. पुढे रोजच्या सेवेपूर्वी त्यांना पितळी गंगाळात आपले हातपाय आपणच धुवायचे होते. पण पहिले स्नान मात्र दुसऱ्याच्या हातचे होते.

आपल्याकडे पुरोहिताविषयी जी कल्पना असते, तिच्यात त्याची विद्या, पाठांतर, आचारशुद्धी यांना मोठे स्थान असते. याजक हा शब्दही आपण त्याच अंगाने ऐकतो. अहरोनाच्या समर्पणात त्याची परीक्षा नाही, तप नाही, त्याने कमावलेली पात्रता कुठेही विचारलेली नाही. उलट, त्याची अपात्रता वाचकाला ठाऊक असते. निर्गम २९मधली आज्ञा आणि लेवीय ८मधली अंमलबजावणी यांच्यामध्ये निर्गम ३२ आहे, आणि तिथे लोकांच्या कानांतले सोने गोळा करून वासरू घडवणारा माणूस हाच अहरोन आहे. विधीतला पहिला बळी त्याच्यासाठीच्या पापार्पणाचा आहे आणि तो पशू बैल आहे. सात दिवसांनंतर अहरोनाला स्वतःसाठी एक वासरू आणायला सांगितले जाते, तेव्हा अकराव्या शतकातील ज्यू भाष्यकार राशी यांनी त्याचा संबंध थेट सोन्याच्या वासराशी जोडला: त्या पापाची क्षमा झाली, हे सगळ्यांसमोर दाखवण्यासाठी वासरूच निवडले गेले. विश्वासणारा हा अध्याय वाचतो तेव्हा त्याने इथे थोडे थांबावे, असे मला वाटते. ज्याच्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली, त्यालाच सगळ्या लोकांदेखत धुऊन, नेसवून उभे केले जात आहे.

‘पवित्र’ या शब्दाचेही इथे भान ठेवायला हवे. हिब्रू भाषेतील ‘कादोश’ या शब्दात वेगळे काढून ठेवलेले, देवाच्या मालकीचे झालेले, हा अर्थ आधी येतो. निर्मळपणा, नीतिमत्ता हे त्याच्या पाठोपाठ येतात. मराठी वाचकाला सोवळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि वेगळेपणाच्या बाबतीत ती अगदीच चुकीची नाही. फरक असा की, सोवळे ओवळ्याच्या स्पर्शाने मोडते, तर वेदीविषयी निर्गम २९ सांगते की, तिला ज्याचा स्पर्श होईल ते पवित्र होईल. नव्या करारात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि विटाळ येशूला लागण्याऐवजी रोग्याला आरोग्य लागते, ते दृश्य वाचताना वेदीचा हा नियम जवळ असलेला बरा.

वस्त्रांविषयी निर्गमाचा २८वा अध्याय पूर्ण खर्ची पडला आहे. त्यातल्या दोनच गोष्टी सांगून पुढे जातो. एफोदाच्या खांदपट्ट्यांवर दोन रत्ने होती आणि त्या प्रत्येकावर सहा सहा अशी इस्राएलाच्या बारा वंशांची नावे कोरलेली होती. तीच बारा नावे ऊरपटावरच्या बारा वेगवेगळ्या रत्नांवर पुन्हा होती. म्हणजे याजक आत जाई तेव्हा सगळे लोक त्याच्या खांद्यावर आणि त्याच्या हृदयावर असत. एक ओझे म्हणून, एक माया म्हणून. मध्यस्थीच्या प्रार्थनेची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हे कपडे अहरोनाने शिवलेले नव्हते; कुशल कारागिरांनी तयार केलेले होते आणि त्याच्या मागून त्याच्या मुलांकडे जायचे होते. वस्त्र माणसाच्या आधीपासून असते आणि माणूस गेल्यावरही उरते. पौल गलतीकरांना लिहितो की, ज्यांचा ख्रिस्तामध्ये बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे, तेव्हा त्या वाक्यामागे दुसऱ्याने नेसवलेल्या वस्त्राचे हेच चित्र आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी शुभ्र वस्त्र घालण्याची प्राचीन प्रथाही याच अंगाने समजते.

तेलाचे प्रमाण निर्गमाच्या ३०व्या अध्यायात दिले आहे: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी बोरू २५०, तज ५०० आणि एक हिन (द्रव मोजण्याचे माप) जैतुनाचे तेल. शेकेल हे वजन साधारण ११ ग्रॅमचे धरले तर नुसता गंधरसच साडेपाच किलोंच्या आसपास होतो. हे तेल घरी बनवण्यास, साध्या माणसाच्या अंगाला लावण्यास सक्त मनाई होती. मोशेने आधी निवासमंडपाला, म्हणजे त्याच तंबूला, व त्यातल्या वस्तूंना तेल लावले, वेदीवर सात वेळा शिंपडले, आणि मग तेच तेल अहरोनाच्या मस्तकावर ओतले. माणूस आणि मंडप यांना एकाच तेलाचा वास येऊ लागला. स्तोत्र १३३मध्ये अहरोनाच्या दाढीवरून वस्त्राच्या काठापर्यंत ओघळणाऱ्या तेलाची जी उपमा आहे ती भावांच्या ऐक्यासाठी आहे, आणि ऊरपटावरची बारा नावे आठवली की ते तेल कुणाकुणावरून ओघळत गेले असेल, हेही लक्षात येते. तेल लावणे या अर्थाच्या हिब्रू क्रियापदापासून ‘माशीआह’ हा शब्द झाला, म्हणजेच मशीहा. त्याचा ग्रीक प्रतिशब्द ‘ख्रिस्तोस’. तेव्हा ‘ख्रिस्त’ ही पदवी आहे, आडनाव नव्हे, आणि ‘ख्रिस्ती’ म्हणवून घेणारा माणूस त्या नावातच अभिषेकाचा उल्लेख करत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो.

आता बळींकडे. बैल पापार्पण म्हणून, पहिला मेंढा होमार्पण म्हणून. बैलाची चरबी वेदीवर जाळली जाते, पण त्याचे कातडे, मांस आणि शेण छावणीबाहेर नेऊन जाळतात. हा तपशील पुढे लागणार आहे. होमार्पणाचा मेंढा मात्र तुकडे करून संपूर्ण वेदीवर जातो, मागे काही उरत नाही. यानंतर दुसरा मेंढा येतो आणि इथे विधी नेहमीच्या वाटेवरून वळतो. त्या मेंढ्याचे रक्त मोशे अहरोनाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो; मग मुलांनाही तसेच. पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो याने याचा अर्थ असा लावला की, कान हा ऐकलेल्या शब्दाचा, हात हा कृतीचा आणि पाय हा जीवनमार्गाचा निदर्शक आहे. ख्रिस्ती उपदेशकांनीही बहुधा हाच अर्थ सांगितला आहे आणि तो बरोबरच आहे, फक्त तो फार सहज सांगितला जातो. अंगठा गेला तर हातात काही धरता येत नाही. एकलव्याची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शास्ते या पुस्तकात अदोनी-बेजेक नावाचा राजा शत्रूंच्या हातापायांचे अंगठे छाटून त्यांना निकामी करत असे, असा उल्लेख आहे. अंगठे म्हणजे माणसाची पकड आणि त्याचा तोल. रक्त तिथे लावले जाते. याचा अर्थ माणसाचे कर्तेपण काढून घेतलेले नाही. त्यावर आता एक खूण आहे.

या खुणेचे दुसरे एक स्थळ आहे आणि ते सापडले तेव्हा मला हा सगळा विधी पहिल्यांदा उमगला. लेवीय १४मध्ये त्वचारोगामुळे छावणीबाहेर काढलेला माणूस बरा होऊन परत येतो, तेव्हा त्याच्या शुद्धीकरणाचा विधी दिला आहे. (आपण त्याला कुष्ठरोगी म्हणतो, परंतु मूळ शब्दात त्वचेचे इतरही विकार येतात, एवढेच काय, कापडावरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या डागांनाही तोच शब्द आहे.) त्या माणसाच्या उजव्या कानाची पाळी, उजव्या हाताचा अंगठा, उजव्या पायाचा अंगठा यांना रक्त लावतात, त्याच जागी मग तेल लावतात आणि उरलेले तेल त्याच्या डोक्यावर घालतात. शरीराच्या या तीन जागांना रक्त लावण्याचा विधी नियमशास्त्रात दोघांसाठीच सांगितलेला आहे: परमपवित्रस्थानाच्या सर्वांत जवळ जाणाऱ्यासाठी आणि सर्वांत दूर हाकलला गेलेल्या माणसासाठी. मुख्य याजक आणि वाळीत टाकलेला रोगी शेजारी शेजारी उभे केले, तर त्यांच्या अंगावरच्या खुणा सारख्याच निघतील.

यानंतरचा क्षण हा विधीचा गाभा आहे आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले आहे. मोशे त्या मेंढ्याची चरबी, गुरदे आणि उजवी मांडी घेतो. त्या प्रदेशातील मेंढ्यांची शेपटी रुंद, चरबीने भरलेली आणि वजनदार असते. तीही त्यात येते. बेखमीर भाकरीच्या टोपलीतून तो एक भाकर, तेलात मळलेली एक पोळी आणि एक पातळ पापुद्र्यासारखी चपाती काढून त्यावर ठेवतो. हा सगळा ढीग तो अहरोनाच्या व त्याच्या मुलांच्या तळहातांवर ठेवतो. नुकत्याच कापलेल्या जनावराचे मांस कोमट असते, चरबी बोटांतून निसटते, मांडीचे वजन मनगटावर येते. त्या क्षणी त्यांना दुसरे काहीही धरता येणार नाही, कुणाला हात दाखवता येणार नाही, स्वतःचा घामही पुसता येणार नाही. आणि मग ते सारे परमेश्वरासमोर ओवाळले जाते.

‘ओवाळणे’ हा मराठी बायबलमधील शब्द वाचकाच्या डोळ्यांपुढे निरांजनाचे तबक आणतो. मूळ हिब्रू शब्दातली हालचाल वर्तुळाकार असल्याचे दिसत नाही. ज्यू परंपरेतील मिश्ना या संहितेत ती पुढे-मागे आणि वर-खाली अशी सांगितली आहे, म्हणजे देणाऱ्याने पुढे करावे आणि घेणाऱ्याच्या नजरेस आणावे, तशी. शब्द थोडा निराळा असला तरी तो मला आवडतो, कारण त्यातला आदर खरा आहे.

समर्पणाला हिब्रूत ‘मिल्लुईम’ म्हणतात, म्हणजे ‘भरणे’. आणि याजक नेमणे या अर्थाचा वाक्प्रचार आहे ‘हात भरणे’. मराठीत आपण ओटी भरतो. भरलेली ओटी घेऊन सुवासिनी घरी जाते. ते तिचे असते. अहरोनाचे हात भरले जातात ते काही घरी नेण्यासाठी नाही. ओवाळून झाल्याबरोबर मोशे ते सगळे त्यांच्या हातांतून परत घेतो आणि वेदीवर जाळून टाकतो. एरवी शांत्यर्पणातली, म्हणजे देणाराही ज्यातला वाटा खात असे त्या बळीतली, उजवी मांडी हा याजकाचा हक्काचा वाटा असे. त्या दिवशी मात्र तीही जाळली जाते. हात भरले गेले आणि रिकामे झाले, या दोन्हींच्या मधल्या थोड्या वेळात माणूस याजक झाला. नियमशास्त्रात दुसरीकडे सांगितले आहे की, परमेश्वरासमोर कोणीही रिकाम्या हातांनी येऊ नये. इथे त्या अटीची पूर्तता वरून होते: जे अर्पण करायचे आहे ते आधी हातांत ठेवले जाते.

याच वाक्प्रचाराचा गैरवापरही बायबलमध्ये नोंदलेला आहे. शास्ते १७मध्ये मीखा नावाचा गृहस्थ घरातच देवघर उभारतो, आधी आपल्या एका मुलाचे ‘हात भरतो’ आणि नंतर वाटेने जाणाऱ्या एका तरुण लेव्याला वर्षाला चांदीची दहा नाणी, एक पोशाख आणि जेवणखाण एवढ्यावर ठेवून घेऊन त्याचेही ‘हात भरतो’. शब्द तोच, पण भरणारा हात वेगळा. आता देव माझे भले करील, असे तो मीखा समाधानाने म्हणतो. ती गोष्ट पुढे ज्या वाटेने जाते ती इथे सांगत नाही.

आता या वाक्प्रचाराचा एक प्रवास पाहू, कारण त्यावाचून इब्री लोकांस पत्रातले एक वाक्य कोड्यासारखे राहते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. भाषांतरकारांनी ‘हात भरणे’ यासाठी बऱ्याच ठिकाणी ‘तेलेइओओ’ हे क्रियापद वापरले. त्याचा सरळ अर्थ पूर्ण करणे, पूर्णत्वास नेणे. समर्पणाच्या मेंढ्याचे नावही त्यामुळे ग्रीकमध्ये ‘पूर्णतेचा मेंढा’ असे झाले. इब्री लोकांस पत्राचा लेखक हेच ग्रीक शास्त्र वापरतो आणि येशूविषयी लिहिताना पुन्हा पुन्हा हेच क्रियापद योजतो: त्याला दुःखसहनाद्वारे परिपूर्ण केले गेले. वाचक अडखळतो. जो निष्पाप होता, त्याच्यात कोणती अपूर्णता उरली होती? पण ‘परिपूर्ण करणे’ या शब्दाला याजकाच्या समर्पणाचाही वास आहे, हे कळले की वाक्य उघडते. दुःखसहन हा येशूचा समर्पणविधी होता. त्याचे हात तिथे भरले गेले. सर्व अभ्यासकांना हा अर्थ पूर्णपणे मान्य आहे असे नाही. काही जण केवळ परिपक्वतेचा अर्थ पुरेसा मानतात. मला मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात, कारण त्या पत्राचा विषयच याजकपण हा आहे आणि लेखक शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर आहे.

त्या पत्राचा एकूण युक्तिवाद असा आहे. याजकपण कोणी स्वतः घेत नाही. अहरोनाप्रमाणे देवाने बोलवावे लागते. येशू तर याजक ज्या वंशातून येत त्या लेवीच्या वंशातला नव्हताच. तो यहूदाच्या वंशातला, आणि त्या वंशातल्या कुणी वेदीची सेवा केल्याचे मोशेने सांगितलेले नाही. मग त्याला याजक म्हणायचे कसे? लेखक उत्पत्ती १४मधला शालेमाचा राजा मल्कीसदेक आणि स्तोत्र ११० यांच्याकडे बोट दाखवतो: अहरोनाच्या जन्माच्या कितीतरी आधी वंशावळीविना उभा असलेला एक याजक होता, आणि अभिषिक्त राजाला त्याच्या संप्रदायाप्रमाणे युगानुयुग याजक म्हटले गेले. अहरोनाला आधी स्वतःसाठी बैल लागत असे. या याजकाला तो लागत नाही. अहरोनाच्या हातात दुसऱ्याचे मांस होते. याने स्वतःला अर्पिले. अहरोनाच्या घराण्यात मृत्यूमुळे याजक बदलत राहिले. हा मरणातून उठल्यामुळे बदलत नाही. आणि ज्या पापार्पणाचे रक्त आत पवित्रस्थानात नेले जाई, त्या पशूंचे देह छावणीबाहेर जाळत, तसे येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, असे १३वा अध्याय सांगतो. अहरोनाच्या त्या बैलाचे उरलेले शरीरही छावणीबाहेरच जळले होते. तेराव्या अध्यायातले पुढचे वाक्य सोयीचे नाही: तर आपण त्याचा अपमान सोशीत छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. रोगी माणूसही तिथेच राहत होता, हे लेवीय १४ वाचलेल्याला सांगावे लागत नाही.

विश्वासणाऱ्याचे काय? सिनायवर पोचताच, अहरोनाचे नाव याजक म्हणून पुढे येण्याच्याही आधी, देवाने सगळ्या इस्राएलाला ‘याजकराज्य’ म्हटले होते. अहरोनाचे घराणे हे त्या मोठ्या हेतूच्या आतले एक घराणे होते. पेत्राच्या पहिल्या पत्रात हाच शब्द विश्वासणाऱ्यांच्या मंडळीला लावला आहे, आणि प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात ख्रिस्ताने आपल्याला आपल्या देवासाठी याजक केले, अशी स्तुती आहे. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वासणाऱ्यांना जवळ येण्याचे आमंत्रण देताना लेखक दोन गोष्टी सांगतो: आपली हृदये शिंपडून शुद्ध झाली आहेत आणि आपली शरीरे निर्मळ पाण्याने धुतलेली आहेत. शिंपडलेले आणि धुतलेले: हे अहरोनाच्या समर्पणाच्या दिवसाचे वर्णन आहे, आणि तो ते पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला लावतो, त्यात बायका, गुलाम, परराष्ट्रीय सगळे आले. आत जाण्याची जी मुभा एका घराण्यातल्या पुरुषांना होती, ती सगळ्यांना मिळाली.

या शिकवणुकीतून मंडळीतल्या पुढाऱ्यांचे स्थान काय, यावर ख्रिस्ती पंथांमध्ये मोठा वाद झाला. मार्टिन ल्यूथरने १५२०मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, भेद फक्त कामाचा आहे, असे ठामपणे मांडले. म्हणून प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळक’ असतो, बलिदान करणारा याजक नसतो. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली सर्व बाप्तिस्माप्राप्तांचे सामाईक याजकपण स्पष्टपणे मान्य केले, परंतु धर्मगुरूंचे सेवायाजकपण हे त्याहून केवळ प्रमाणाने नव्हे तर स्वरूपानेही भिन्न आहे, असे सांगितले. हा वाद इथे सोडवण्याची माझी पात्रता नाही. एवढे मात्र दिसते की, दोन्हीकडच्या उपासनेत अहरोनाच्या विधीचे तुकडे जिवंत आहेत. वसईत किंवा गोव्यात कॅथलिक गुरुदीक्षेचा सोहळा पाहिला असेल, तर आठवेल: बिशप नव्या धर्मगुरूच्या तळहातांना तेल लावतात आणि नंतर भाकरीचे ताट व द्राक्षारसाचा प्याला त्याच्या हातांत देतात. अक्षरशः हात भरले जातात. बाप्तिस्म्यातही लहान मुलाच्या डोक्याला तेल लावताना याजक, संदेष्टा आणि राजा असलेल्या ख्रिस्ताचा उल्लेख होतो. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तेल कपाळ, डोळे, नाकपुड्या, ओठ, कान, छाती, हात आणि पाय यांना लावतात. कान, हात, पाय ही त्रयी त्यात ओळखू येते.

आणि ज्याला गुरुदीक्षा मिळालेली नाही, तेलही लागलेले आठवत नाही, अशा साध्या विश्वासणाऱ्याचे हात कधी भरतात? चौथ्या शतकातील यरुशलेमच्या सिरिल यांच्या नावे असलेल्या प्रवचनांत नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना प्रभुभोजनाची भाकर कशी घ्यावी, ते शिकवले आहे: डाव्या हाताचे उजव्यासाठी सिंहासन कर, तळहात खोलगट कर आणि ख्रिस्ताचे शरीर स्वीकार. दोन रिकामे तळहात एकावर एक. त्यात कुणीतरी काहीतरी ठेवते. रविवारी रांगेत उभे राहून हे आपण इतक्या सवयीने करतो की, अहरोनाच्या हातांतली ती जड मांडी आणि ती भाकर आपल्याला आठवत नाही.

या याजकांनी अर्पण काय करायचे, हे नवा करार विखुरलेल्या स्वरूपात सांगतो. रोमकरांस पत्रात शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्यास सांगितले आहे. इब्री लोकांस पत्राच्या शेवटी स्तुतीचा यज्ञ आणि त्याच दमात परोपकार व दानधर्म हेही यज्ञच ठरवले आहेत. हात भरणे या चित्रातून पाहिले तर यात एक क्रम लागतो. माणसाला वेळ, कौशल्य, पगार, लेकरे, कधी कधी दुःखही हातांत दिले जाते. ते काही काळ त्याच्या तळहातांवर असते, त्याचे वजन त्याला जाणवते, आणि त्याने ते पुढे करायचे असते. घट्ट मुठीत धरलेले ओवाळता येत नाही.

सात दिवस दाराशी राहायचे, बाहेर जायचे नाही, रोज पापार्पणाचा बैल. या सात दिवसांत काय केले ते सांगितलेले नाही. बहुतेक काहीच नाही, नुसते थांबणे. आठव्या दिवशी अहरोन पहिल्यांदा स्वतः वेदीपाशी जातो आणि आतापर्यंत ज्याच्यासाठी क्रियापदे दुसऱ्याची होती, तो स्वतः कर्ता होतो. आद्य ख्रिस्ती लेखकांनी रविवारला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवसाला, ‘आठवा दिवस’ म्हटले आणि बाप्तिस्म्यासाठी बांधलेल्या अनेक प्राचीन इमारती, उदाहरणार्थ रोममधली लातेरान येथील, अष्टकोनी आहेत. लेवीयाच्या मांडणीत मात्र हाच दिवस काळाही ठरतो. दहाव्या अध्यायात नादाब व अबीहू सांगितलेला नसलेला अग्नी घेऊन पुढे जातात आणि मरतात. अहरोन गप्प राहतो. हात भरले जाण्याची वाट न पाहता स्वतःच काहीतरी हातात घेऊन आत शिरणे, असे त्या प्रसंगाचे एक वाचन आहे. त्याहून अधिक बोलण्याचे धाडस त्या बापाच्या मौनापुढे होत नाही.

एक गोष्ट ख्रिस्ती वाचकाने विसरू नये. हा विधी ज्यू लोकांचा आहे आणि त्यांच्याकडे त्याचे स्वतःचे वाचन आहे. इसवी सन ७०मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडल्यावर बळी थांबले, वेदी राहिली नाही, परंतु अहरोनाचे वंशज मानले जाणारे ‘कोहेन’ आजही सभास्थानांत उभे राहून गणना ६मधला आशीर्वाद हात उंचावून उच्चारतात. ख्रिस्तामध्ये आपल्याला जो अर्थ दिसतो तो सांगताना त्यांच्या हातून ते सगळे काढून घेतल्यासारखे बोलणे हे मला अनुचित वाटते, आणि इतिहासात तसे बोलण्याचे परिणाम भयंकर झालेले आहेत.

तो आशीर्वाद त्या आठव्या दिवशीही होता. बळी अर्पून झाल्यावर अहरोन लोकांकडे वळला, त्याने हात उंचावले आणि त्यांना आशीर्वाद दिला, आणि मगच तो वेदीवरून खाली आला. आठवडाभरापूर्वी याच तळहातांवर मेंढ्याची चरबी आणि भाकर होती. आता ते मोकळे होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या ओळींत येशू शिष्यांना बेथानीपर्यंत घेऊन जातो आणि तिथे हात उंचावून त्यांना आशीर्वाद देतो. त्याच्या तळहातांवर त्या वेळी खिळ्यांच्या खुणा होत्या, आणि आशीर्वाद देता देताच तो त्यांच्यापासून वेगळा झाला.